दोन, की दोनच?

३ तारीख, सोमवार

आज मला बढती मिळाली की शिक्षा झाली, हे अजून नक्की कळलेलं नाही.

दुसऱ्या तासाला मोठ्या बाईंनी, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांनी, खोलीत बोलावलं. मी मापाची टेप गळ्यात तशीच ठेवून गेले. "बसा," म्हणाल्या. एकोणतीस वर्षांत त्यांनी मला कधी बसा म्हटलेलं नाही. पुढच्या सत्रापासून शिवणाचा तास वेळापत्रकातून काढला आहे. "तुमचं पद अतिरिक्त ठरतंय. पण गणिताचे सर स्कूटरवरून पडलेत, पाय प्लास्टरमध्ये आहे, दीड-दोन महिने तरी येत नाहीत. सहावीचं गणित घ्या. निभावलंत, तर तुमच्यासाठी वर शब्द टाकता येईल मला."

मी म्हणाले, "घेते की."

कोण बोललं हे, म्हणून मी मागे वळून पाहिलं. शालान्त परीक्षेत गणितात मला बत्तीस गुण होते. वरचे तीन परीक्षकांनी कृपा म्हणून दिले, बहुधा मी पुन्हा त्यांच्या वाट्याला येऊ नये म्हणून.

घरी आल्यावर ह्यांना सांगितलं. ह्यांनी पेपर खाली केला, तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. बरोबर केलं. लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझा कापडाचा हिशेब बघून हे फसकन हसले होते. तेव्हा मी बजावलं होतं, यापुढे माझ्यासमोर आकडा काढायचा नाही. तीस वर्षं शब्द पाळलाय बिचाऱ्यांनी.

५ तारीख, बुधवार

धडा: त्रिकोणांचे बाजूंवरून प्रकार. तिन्ही बाजू सारख्या तो समभुज, दोन सारख्या तो समद्विभुज, तिन्ही वेगळ्या तो विषमभुज. एवढंच! रात्रभर मी उगाच घाबरले होते. आमच्या घरातल्या उशांचे अभ्रेसुद्धा याहून अवघड आहेत.

फळ्यावर पुस्तकातून उतरवलं, मुलांनी वहीत उतरवलं. एक्केचाळीस डोकी खाली. फक्त दुसऱ्या बाकावरच्या एका मुलीचं वर. बारीक चणीची, टोकदार हनुवटीची. मी मनात तिचं नाव टाचणी ठेवलं. सगळं टोचूनच विचारते. "बाई, दोन बाजू जवळजवळ सारख्या असल्या तर?" मी म्हणाले, "जवळजवळ चालत नाही." उत्तर बरोबर आलं असावं, कारण ती खाली बसली.

७ तारीख, शुक्रवार

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

आज मला आत्मविश्वास आला होता. पुस्तकातली उदाहरणं संपली, म्हणून मी आपल्या मनाची घातली. फळ्यावर लिहिलं: बाजू ३, ४ आणि ९ सेंमी. प्रकार ओळखा व काढा. सगळे ओरडले, "विषमभुज!" मी खूश. मग सगळे काढायला लागले.

पाच मिनिटं गेली. दहा गेली. खोडरबराचा चुरा बाकांवरून ओघळायला लागला. पहिल्या बाकावर गोल चेहऱ्याचा एक मुलगा बसतो, त्याला मी बटण म्हणते. वर्गातला हुशार म्हणून तोच. तो रडकुंडीला आला. "बाई, टोकं भेटतच नाहीत."

"नीट काढ, भेटतील," मी म्हणाले.

टाचणी उभी राहिली. "बाई, असा त्रिकोण होतच नाही. तीन आणि चार मिळून सातच होतात. नऊपर्यंत पोचणार कसे?"

"हात स्थिर ठेवलास तर पोचतील," असं मी म्हणाले. हो, हे मी खरोखर म्हणाले. इथे लिहून ठेवते म्हणजे पुढे कधी गर्व झाला तर वाचता येईल.

घरी येऊन टेपेचे तुकडे कापून पाहिले. पोचत नाहीत. हात अगदी स्थिर ठेवूनही पोचत नाहीत.

८ तारीख, शनिवार

ह्यांचं काहीतरी बिनसलंय. सकाळी बघते तर चहाच्या टेबलावर केरसुणीच्या काड्या मांडलेल्या. दोन आखूड आणि एक लांबलचक, आखूड टोकांमध्ये हे एवढं अंतर. शेजारी दुसऱ्या तीन, त्यांचा नीट त्रिकोण. विचारलं, "हे काय?" म्हणाले, "काही नाही, सहज." भूमापन खात्यात चाळीस वर्षं लोकांच्या जमिनी मोजल्या आणि आता केरसुणी मोजतायत. निवृत्त माणसाला उद्योग हवा. मी काड्या गोळा केल्या आणि केरात टाकल्या.

पण त्या बघता बघता एक सुचलं, ते माझं मलाच: मुलांच्या हातात काहीतरी द्यायचं.

१० तारीख, सोमवार

शिवणाच्या कपाटातली चिंध्यांची पिशवी वर्गात नेली. प्रत्येकाला कापडाचे दहा त्रिकोण, चौघांत एक टेप. तीन खोकी मांडली. मोजा आणि आपापल्या खोक्यात टाका.

आधी शुक्रवारचं निस्तरलं. "तीन, चार, नऊ होत नाही. बाईंनी मोजलं नव्हतं." कोणी हसलं नाही. मी हसले, मग सगळे हसले.

त्यानंतर जो तास झाला, तसा मी कधी घेतला नव्हता. कापड ताणलं की माप बदलतं, यावरून दोन बाकांमध्ये भांडण. बटणाने एक त्रिकोण चारदा मोजून समद्विभुजमध्ये टाकला, त्याच्या शेजारणीने काढून विषमभुजमध्ये टाकला. दोघांनी मला मध्यस्थ केलं. मी टेप लावली आणि म्हणाले, "अर्धा सेंमी फरक. विषमभुज." माझ्या आवाजात न्यायाधीश होता. घंटा झाली तरी कोणी उठेना. मोठ्या बाई दारातून बघून गेल्या.

टाचणी एक निळा त्रिकोण घेऊन शेवटपर्यंत थांबली. तिन्ही बाजू आठ-आठ. "बाई, हा या खोक्यातपण चालेल ना?" समद्विभुजच्या खोक्याकडे बोट.

"नाही गं. एक वस्तू एकाच खोक्यात. नाहीतर कपाटाचं काय होईल?"

कपाटाचं उदाहरण मला फारच आवडलं. संध्याकाळी ह्यांनाही सांगितलं. हे खिडकीबाहेर बघत बसले.

१३ तारीख, गुरुवार

वीस गुणांची चाचणी घेतली. हिला महत्त्व आहे, कारण जिच्यात सगळ्या शाळा येतात त्या गणित स्पर्धेला सहावीतून एकच मूल जायचंय, आणि ते या चाचणीवरून ठरणार. बटणाला एकोणीस, टाचणीला अठरा. बटण जाईल.

टाचणीने दोन चुका केल्या. एके ठिकाणी सेंमी लिहायचं विसरली. आणि सातवा प्रश्न: 'पुढीलपैकी समद्विभुज त्रिकोण कोणते?' अ) ५, ५, ५, आ) ४, ४, ६, इ) ३, ४, ५, ई) ७, ७, २. बाईसाहेबांनी लिहिलं: अ, आ, ई. मी 'अ'वर लाल काट मारली आणि शेजारी लिहिलं, 'घाई करू नकोस.' सोमवारी सांगितलेलं ऐकलंच नाही तिने.

पेपर तपासताना हे दोनदा पाणी प्यायला उठले आणि दोन्ही वेळा माझ्या खांद्यावरून डोकावले.

१४ तारीख, शुक्रवार

पेपर वाटले. टाचणी सातवा प्रश्न घेऊन टेबलापाशी आली. "बाई, पुस्तकात लिहिलंय, ज्याच्या दोन बाजू समान तो समद्विभुज. याच्यापण दोन समान आहेत."

"दोन नाही, तीन आहेत."

"पण पुस्तकात 'दोन' आहे. 'दोनच' नाहीये."

मागे रांग लागली होती. मोठ्या बाईंना नाव द्यायचं होतं. आणि खरं सांगायचं तर गणितात माझ्याशी वाद घालणारी अकरा वर्षांची मुलगी मला आवडली नाही. म्हणाले, "प्रत्येक गोष्टीत खुसपट काढून भांडू नये. जा, बैस."

ती गेली आणि बसली.

रात्री जेवताना हे अचानक म्हणाले, "अगं, आपल्याकडे दोन छत्र्या आहेत का?"

"तीन आहेत. माहीत नाही का तुम्हाला?"

"ते ठीक आहे. पण दोन आहेत का?"

"अहो, तीन आहेत म्हटलं ना!"

"म्हणजे दोन आहेत."

मी चमचा खाली ठेवला. आधी केरसुणीच्या काड्या, आता हे. ह्यांचे वडीलही शेवटी शेवटी असंच करायचे.

१५ तारीख, शनिवार

ह्यांना डॉक्टरकडे नेलं. जायला तयारच नव्हते. मी डॉक्टरांना काड्या, छत्र्या, सगळं सांगितलं. डॉक्टरांनी ह्यांना तारीख विचारली, वार विचारला, शंभरातून सात-सात वजा करायला लावले. हे शेवटपर्यंत गेले, आणि शेवटी दोन उरतात हे डॉक्टरांच्या आधी सांगितलं. मग हे पुढे वाकून काहीतरी पुटपुटले आणि डॉक्टर खो खो हसायला लागले.

"ह्यांना काही झालेलं नाही," मला म्हणाले. "तुम्ही शाळेत काय शिकवता म्हणालात?"

आजकालचे डॉक्टर रोग सोडून बाकी सगळं विचारतात.

१८ तारीख, मंगळवार

वर्ग आता अगदी शांत असतो. मध्येच कोणी उठत नाही, शंका काढत नाही. टाचणीसुद्धा हात वर करत नाही. फळ्यावरचं उतरवून घेते, मुकाट्याने. दोन दिवसांत अडीच पानं पुढे गेलो. मी बहुधा चांगली शिक्षिका होत चालले आहे.

आज मुद्दाम विचारलं, "काही शंका?" आणि तिच्याकडे पाहिलं. तिने पेन्सिलीला टोक काढायला घेतलं. टोक आधीच होतं.

शांतता चांगलीच असते. मग मला दुपारचा डबा का गेला नाही, कोण जाणे.

१९ तारीख, बुधवार

शाळा सुटल्यावर गणिताच्या सरांच्या घरी गेले. समाचाराला म्हणून. पिशवीत सफरचंदं होती आणि सफरचंदांखाली टाचणीचा पेपर. ताकाला जाऊन भांडं लपवणं मला जमत नाही, पण सफरचंदाखाली पेपर लपवणं जमतं.

सर पाय उशीवर ठेवून पडले होते. इकडचं तिकडचं झाल्यावर मी सहज वाटावं अशा आवाजात विचारलं. बहुतेक तो सहज वाटला नाही.

"बरोबर आहे की पोरीचं," सर म्हणाले. "दोन बाजू समान असल्या की समद्विभुज. तिसरीही समान निघाली तर त्याचं काय बिघडलं? समजा मी विचारलं, कोणाच्या घरी दोन खुर्च्या आहेत, हात वर करा. तीन खुर्च्या असलेला माणूस हात खाली ठेवेल का?"

इतकं सोपं! इतकं साधं उदाहरण! असं कोणी मला घरी समजावलं असतं, तर ही वेळ आली असती का?

"तशी काही पुस्तकं 'दोनच' असंही म्हणतात," सर पुढे म्हणाले. "पण मग तसं स्पष्ट लिहायला हवं. आपल्या पुस्तकात नाही लिहिलेलं. तुम्ही 'च' कुठून आणलात?"

काही पुस्तकं म्हणतात! ऐकताच माझ्या डोक्यात दिवा लागला. म्हणजे मी अगदीच चूक नाही. कुठलंतरी एक पुस्तक जगात माझ्या बाजूचं आहे. बटणाचं नाव तर मोठ्या बाईंना आधीच दिलंय. बटणाच्या आईने गल्लीभर सांगितलंय. आणि 'मला धडाच कळला नव्हता' हे मोठ्या बाईंना सांगायचं, तेही शुक्रवारी तपासणीचे साहेब येणार असताना? झाकली मूठ सव्वा लाखाची.

घरी येईपर्यंत मी स्वतःला निर्दोष सोडलं होतं. मग पिशवीतून पेपर काढला. 'घाई करू नकोस.' अक्षर माझंच, वळणदार, लाल. त्या मुलीने घाई केलेली नव्हती. तिने पुस्तकातली ओळ शब्द न् शब्द वाचली होती. घाई मी केली होती.

चुकीची शिवण उसवावीच लागते. वरून इस्त्री फिरवून भागत नाही, हे मी एकोणतीस वर्षं मुलींना ओरडून सांगतेय.

२० तारीख, गुरुवार

आधी मोठ्या बाई. सगळं सांगितलं. त्या चष्म्यावरून बघत होत्या.

"म्हणजे तिला एकोणीस. मग बटण..." माझ्या तोंडून बटण निघालं. मी जीभ चावली. "म्हणजे त्या मुलाने मी शिकवलं तेच लिहिलंय. त्याचा गुण मी काढू शकत नाही. दोघांना सारखे."

"आणि हे तुम्ही वर्गात सांगणार?"

"हो."

"तपासणीच्या आदल्या दिवशी?"

"हो," म्हणाले खरी, पण आवाज बत्तीस गुणांचाच होता.

"बरं," म्हणाल्या. "दोघांसाठी सरांकडून नवीन पेपर काढून घ्या. तुमच्याकडून नको."

शेवटचं वाक्य लागलं, पण रास्त होतं.

मग वर्ग. फळ्यावर मोठ्या अक्षरात 'दोनच' लिहिलं आणि 'च' पुसला. खुर्च्यांचं उदाहरण दिलं. म्हणाले, "हा 'च' पुस्तकात नव्हता. मी घातला. जिने तो नाही हे दाखवलं, तिला मी गप्प बसवलं. उत्तर तिचं बरोबर होतं, लाल काट माझी चूक होती." बटणाकडे बघवेना. त्याने विचारलं, "बाई, मग माझा पण गुण जाणार?" नाही म्हटल्यावर त्याचा चेहरा पुन्हा गोल झाला.

टाचणीने मान हलवली. बस. हात वर केला नाही. मला वाटलं होतं, माफी मागितली की सगळं जागच्या जागी येतं. कापडाला एकदा भोक पडलं की दोरा काढला तरी भोक दिसतं.

२१ तारीख, शुक्रवार

तपासणीचे साहेब माझ्याच तासाला आले. शेवटच्या बाकावर बसले, मोठ्या बाई दारापाशी. मी तीन खोक्यांचा खेळ घेतला. एक खोकं आता दुसऱ्या मोठ्या खोक्यात ठेवलं होतं: समभुजचं समद्विभुजच्या आत. काल रात्री ते जमवताना हे म्हणाले, "छान." एवढंच, पण तीस वर्षांत माझ्या कुठल्याही आकड्याला हे छान म्हणाले नव्हते.

वीस मिनिटं सगळं सुरळीत चाललं. मग साहेब उठून फळ्यापाशी आले. "छान. फक्त एक लक्षात ठेवा मुलांनो. ही खोकी एकात एक ठेवायची नाहीत. दोनच बाजू समान तो समद्विभुज, तिन्ही समान तो समभुज. दोन वेगळ्या जाती. कळलं?"

एक्केचाळीस डोकी साहेबांकडून माझ्याकडे वळली. मोठ्या बाई जमिनीकडे बघत होत्या. माझ्या मनात एक शहाणी बाई म्हणाली, गप्प बस, अतिरिक्त आहेस तू. आणि दुसऱ्या बाकावरून टाचणी बघत होती. रागाने नाही. बाई काय करतात, एवढंच.

"साहेब, माफ करा," मी म्हणाले. माझा आवाज शिवणयंत्रासारखा अडखळत निघाला. "दोनच नाही. दोन."

"म्हणजे?"

खुर्च्या आठवेनात. पान आठवेना. मी टेप धरून उभी. तेवढ्यात टाचणी उठली.

"साहेब, तो 'च' आधी बाईंनीपण लावला होता. मग त्यांनी काढला. पुस्तकात नाहीये. दाखवू?"

पुस्तक घेऊन ती स्वतः त्यांच्यापर्यंत गेली. साहेबांनी ओळ वाचली. चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचली. "हं," म्हणाले. मग आपल्या वहीत काहीतरी लिहिलं. खूप वेळ लिहिलं.

मी नोकरी गेल्यात जमा धरून घरी आले आणि आश्चर्य म्हणजे पोटभर जेवले.

२६ तारीख, बुधवार

शेरा आला. मोठ्या बाईंनी वाचून दाखवला: 'वर्ग बोलका आहे. शिक्षिका व विद्यार्थी अधिकाऱ्यांची चूक दुरुस्त करतात.'

"ही तक्रार आहे की कौतुक, मला कळलं नाही," त्या म्हणाल्या. "म्हणून मी कौतुक समजून फाइलला लावलं. सर परत आले तरी सहावी तुमच्याकडेच राहील."

माझी छाती फुगली. "साहेबांना एवढं आवडलं?"

"सरांना जिने चढवणार नाहीत," त्या कागद सारखे करत म्हणाल्या. "सहावी तिसऱ्या मजल्यावर आहे."

तर माझी गुणवत्ता ही अशी तीन मजले उंच.

२८ तारीख, शुक्रवार

सरांनी काढलेला दहा गुणांचा पेपर दोघांनी सोडवला, मधल्या सुट्टीत, माझ्यासमोर. मी तिथेच तपासला. मनातून कोण जिंकावं असं वाटत होतं, हे लिहायची गरज नाही.

बटणाला नऊ. टाचणीला आठ.

शेवटच्या गणितात तिने बेचाळीसमधून सतरा वजा करून पस्तीस लिहिले होते. रीत बरोबर, उत्तर चूक. मी पेपर तिच्यापुढे ठेवला. वाटलं, आता ही पुन्हा मिटणार, आणि या वेळी कायमची.

तिने आकड्यांवरून बोट फिरवलं. "अरेच्चा! हातचा विसरले." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "असू दे बाई. ही चूक माझी आहे. ही कळते मला."

आणि बटणाला सरावाला मदत करायला पळाली.

ती गेल्यावर मी तिचा पेपर पुन्हा तपासला. मग आणखी एकदा. चूक तिचीच होती, फक्त तिची. इतकं वाईट वाटलं, आणि इतकं बरं.